चाउशेस्कूला गोळ्या घालणाऱ्या देशात आज त्याचे ६६ टक्के चाहते?

मुक्काम_बुखारेस्ट

मंडळी, जुलै २०२५ मध्ये रोमानियात एका जनमत पाहणीचे आकडे जाहीर झाले. निकोलाय चाउशेस्कू चांगला नेता होता असं म्हणणारे ६६ टक्के निघाले. वाईट म्हणणारे साधारण २४. ज्याला आणि ज्याच्या बायकोला २५ डिसेंबर १९८९ रोजी, ऐन नाताळात, तर्गोव्हिष्टेच्या लष्करी तळावर घाईघाईचा खटला चालवून भिंतीशी उभं केलं आणि गोळ्या घातल्या, तोच हा.

मी नोकरीनिमित्त इथे राहतो. दर २६ जानेवारीला (आपला प्रजासत्ताक दिन, त्याचा वाढदिवस) गेन्चा दफनभूमीत म्हातारी माणसं फुलं आणि मेणबत्त्या घेऊन जातात हे ऐकून होतो. पण दोन तृतीयांश लोक म्हणजे नुसते म्हातारे नव्हेत. आमच्या टीममध्ये १९८९ च्या क्रांतीनंतर सात वर्षांनी जन्मलेला एक मुलगा आहे. तो परवा जेवताना म्हणाला, "तो असता तर कारखाने भंगारात गेले नसते." बाजूला बसलेली पन्नाशीची बाई ताट उचलून दुसऱ्या टेबलावर गेली.

ज्यांना हा विषय नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: १९६५ ला कम्युनिस्ट पक्षाचा प्रमुख झाला, १९७४ ला राजदंड हातात घेऊन राष्ट्राध्यक्ष, १९८९ ला शेवट. मधल्या काळात भुयारी रेल्वे, कालवे, लाखो फ्लॅट. आणि रेशन, अंधार, सेकुरिताते (गुप्त पोलीस), गर्भपातबंदी.

प्रश्न असा की हे प्रेम नक्की कशावर आहे? मला वाटतं, नंतर आलेल्यांवरचा राग लोक त्याच्या नावावर जमा करतायत. पटत नसेल तर खोडून काढा.

निंबोणी

वाचतेय. चांगला विषय.

खवचट_काका

मेलेला नेता भाववाढ करत नाही, पुतण्याला कंत्राट देत नाही आणि टीव्हीवर येऊन डोकं खात नाही. ६६ टक्के कमीच म्हणायचे.

ओल्टची_सून

माझं सासर ओल्ट जिल्ह्यातलं, म्हणजे 'त्याच्याच' जिल्ह्यातलं. त्याचं जन्मगाव स्कोर्निचेष्ट आमच्यापासून फार लांब नाही. त्यामुळे माझी साक्ष पक्षपाती धरा.

सासूबाई चिखलाच्या वाटेच्या, विहिरीवरून पाणी आणायच्या गावात जन्मल्या. एकोणिसाव्या वर्षी स्लातिनाच्या अ‍ॅल्युमिनियम कारखान्यात लागल्या. लग्न झालं तसा दोन खोल्यांचा फ्लॅट मिळाला, नळ घरात, संडास घरात. उन्हाळ्यात युनियनच्या तिकिटावर काळ्या समुद्राकाठी मामायाला. त्यांच्या आईने आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. हे सगळं घडलं तेव्हा वर कोण बसला होता? तो. झालं.

आता दुसरी बाजू, तीही त्यांच्याच तोंडची. ऐंशीच्या दशकात पहाटे चारला रांगेत पिशवी ठेवून यायची, कारण माणसाऐवजी पिशवी उभी राहिली तरी नंबर धरला जाई. पुढे काय विकायला आलंय हे न विचारता रांगेत शिरायचं. मांस म्हणजे डुकराचे पाय, लोक त्यांना 'आदिदास' म्हणत. खोलीत एकच दिवा, चाळीस वॉटचा. गॅस रात्री उशिरा जरा जोरात यायचा म्हणून स्वयंपाक तेव्हा. नवऱ्याला (माझ्या) लहानपणी कोट घालून झोपवायच्या.

मी एकदा विचारलं, मग तुम्हाला तो आवडतो कसा? उत्तर तयारच होतं: "तो चांगला होता हो. ती वाईट होती." ती म्हणजे त्याची बायको एलेना. गावात कुणालाही विचारा, रांगा एलेनामुळे, फ्लॅट निकोलायमुळे!

रांगडा_गडी

लई भारी ताई. म्हणजे सगळं पाप सुनेच्या माथी. कोल्हापूर काय आन् रोमानिया काय.

ओल्टची_सून

@रांगडा_गडी, अहो एलेना काही बिचारी नव्हती. शाळा अर्धवट सुटलेली बाई, आणि रसायनशास्त्राची डॉक्टरेट, वर अकादमीचं सदस्यत्व. प्रबंध दुसऱ्यांनी लिहिलेले. त्यामुळे तिच्यावर राग काढायला लोकांना सोपं जातं. पण सही त्याची असायची हे सासूबाईंना मी अजून पटवू शकलेले नाही.

अबोली७२

धाग्यात 'गर्भपातबंदी' हा एक शब्द टाकून पुढे गेलात, म्हणून लिहिते.

ऑक्टोबर १९६६ चा ७७० क्रमांकाचा हुकूम. लोकसंख्या वाढवायची म्हणून गर्भपातावर बंदी, गर्भनिरोधकं दुकानातून गायब. १९६६ मध्ये पावणेतीन लाखांच्या आसपास मुलं जन्मली होती, १९६७ मध्ये सव्वापाच लाखांच्या वर. एका वर्षात जवळजवळ दुप्पट. प्रसूतिगृहात खाटा तेवढ्याच, शाळेत बाकं तेवढीच. पुढे बायका चोरून, मिळेल त्या उपायाने मोकळ्या होऊ लागल्या. त्यात मेलेल्यांचा अंदाज दहा हजारांच्या घरात आहे. कारखान्यात स्त्रीरोगतज्ज्ञ येऊन बायकांची तपासणी करत, कुणाला दिवस गेलेत का हे बघायला. मूल नसलेल्या प्रौढांना जादा कर.

आणि नको असलेली मुलं कुठे गेली? अनाथालयांत. १९९० मध्ये तिथली चित्रं जगभर दिसली तेव्हा मी शाळेत होते, आईने टीव्ही बंद केला होता.

त्याला गोळ्या घातल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २६ डिसेंबरला, नव्या सरकारने जे अगदी पहिले निर्णय घेतले त्यात हा हुकूम रद्द करणं होतं. यावरून बायकांच्या मनात काय साचलं होतं ते समजा. त्या ६६ टक्क्यांत निम्म्या बायका असतील, हे मला झेपत नाही.

ओल्टची_सून

अबोलीताई, झेपत नाही हे खरं. सासूबाईंच्या थोरल्या बहिणीचं असंच झालं, १९७० च्या दशकात. घरात त्याबद्दल कुणी बोलत नाही. आणि फ्लॅटबद्दल सगळे बोलतात. मला वाटतं आठवणींचं राजकारण इथेच होतं. रांगेचा किस्सा पाहुण्यांसमोर सांगता येतो, हा नाही.

अबोली७२

हे वाचून काही बोलावंसं वाटेना. धन्यवाद.

ताळेबंद

पेशाने सीए, म्हणून आकड्यांत नाक खुपसतो.

१९७० च्या दशकात चाउशेस्कूने पाश्चात्त्य बँकांकडून भरपूर कर्ज उचललं. रोमानिया १९७२ मध्येच नाणेनिधीचा सदस्य झाला होता, पूर्व गोटातल्या देशांत हे अप्रूपच. पैसा गेला तेलशुद्धीकरण, पेट्रोरसायनं, पोलाद यांत. देशाच्या स्वतःच्या तेलविहिरी आटत चाललेल्या, म्हणून कच्चं तेल इराणकडून. १९७९ ला इराणमध्ये क्रांती, तेल महाग, व्याजदर आकाशाला. १९८१ पर्यंत कर्ज दहा अब्ज डॉलरच्या आसपास.

दुसऱ्या एखाद्याने हप्ते लांबवून घेतले असते, पोलंडने तेच केलं. या गड्याने ठरवलं, सगळं फेडायचं, पै न पै. मांस, धान्य, इंधन, जे विकेल ते निर्यात. लोकांना सांगितलं की तुम्ही जरुरीपेक्षा जास्त खाता, आणि १९८२ मध्ये 'शास्त्रीय आहाराचा' सरकारी तक्ता काढला. १९८९ च्या वसंतात कर्ज शून्य. डिसेंबरात तोही शून्य.

आता गंमत बघा. २०१० च्या एका पाहणीत ४१ टक्के लोक म्हणाले होते की तो उभा राहिला तर त्याला मत देऊ. २०१० मध्ये काय चाललं होतं? सरकारने सरकारी नोकरांचे पगार एकदम २५ टक्क्यांनी कापले होते. २०२५ च्या जुलैत काय चाललं होतं? तूट भरून काढायला कपातीचं गाठोडं सोडलं होतं, व्हॅट १९ वरून २१ टक्के करायचा निर्णय झाला होता. दोन्ही वेळा पट्टा आवळताना लोकांना तो आठवला, ज्याने सगळ्यात जास्त आवळला होता!

दोन पाहण्यांवरून सिद्धांत काढू नये हे मान्य. पण धागाकर्त्यांचं 'रागाची जमा' हे मला पटतंय.

खवचट_काका

कर्जमुक्त देश आणि उपाशी जनता. सीए लोकांना स्वप्न पडतं ते हेच ना?

ताळेबंद

काका, आम्हाला स्वप्न पडत नाहीत. ३१ तारीख जवळ आली की झोपच नसते.

रानवारा

अवांतर: आमच्या पिढीसाठी रोमानिया म्हणजे जिम्नॅस्ट नादिया कोमानेची. १९७६, मॉन्ट्रियल ऑलिम्पिक, चौदा वर्षांची पोर आणि पैकीच्या पैकी दहा. धावफलकाला चार आकड्यांची सोयच नव्हती, म्हणून १.०० दाखवलं. १९८४ ला सोव्हिएत गटाने लॉस एंजेलिसवर बहिष्कार टाकला, पण रोमानिया गेला आणि २० सुवर्णपदकं घेऊन आला. १९८६ ला बुखारेस्टच्या स्टेआउआने बार्सिलोनाला हरवून युरोपियन कप जिंकला, गोलकीपर डुकाडामने चारही पेनल्टी अडवल्या. असल्या गोष्टी लोक विसरत नाहीत हो. पोटात नसलं तरी छाती फुगते.

मुक्काम_बुखारेस्ट

@रानवारा, फुटबॉलचा विषय काढलात तर स्कोर्निचेष्टच्या क्लबची गोष्ट सांगतो. साहेबांच्या गावचा संघ, एफसी ओल्ट. १९७८ मध्ये वरच्या गटात जायचं तर गोलफरकाने पुढे राहायला हवं होतं. शेवटचा सामना जिंकला, १८-०. पुढच्या वर्षी थेट पहिल्या श्रेणीत. खेड्यात मोठं स्टेडियम उभं राहिलं. १९९० ला, साहेब गेल्यावर, संघही गेला.

रांगडा_गडी

१८-०! हहपुवा. प्रतिस्पर्धी गोलकीपर चहा प्यायला गेला होता का?

रानवारा

आणि ज्या नादियाचं मी कौतुक केलं ती नोव्हेंबर १९८९ मध्ये रात्री पायी हंगेरीची सीमा ओलांडून पळाली. क्रांतीला महिनाही उरला नव्हता. ज्याच्या राज्यात ती घडली त्याच्या राज्यात तिला राहवलं नाही, हेही लिहायला हवं.

क्लूजचा_विद्यार्थी

मी क्लूजला मेडिकलला आहे. इथे ट्रान्सिल्व्हेनियात हंगेरियन भाषिक भरपूर. माझे घरमालक त्यातलेच. त्यांच्यापुढे 'चांगला नेता' म्हटलं तर भाडं वाढेल. हंगेरियन शाळा-विद्यापीठ आक्रसलं, १९८८ मध्ये हजारो खेडी पाडून लोकांना ठोकळ्यासारख्या इमारतींत कोंबायची योजना जाहीर झाली, ती पूर्ण होण्याआधी राजवट कोसळली म्हणून वाचले. क्रांतीची ठिणगी पडली तीही तिमिश्वारातल्या लास्लो टोकेश या हंगेरियन पाद्र्याला घराबाहेर काढायला पोलीस आले तेव्हा. आधी त्याची मंडळी दाराशी जमली, मग शेजारचे रोमानियन आले.

आणि जर्मन. इथली जर्मन भाषिक माणसं पश्चिम जर्मनीला डोईमागे पैसे घेऊन पाठवली जात. सरळ भाषेत, विकली. सिबियूजवळच्या खेड्यांत गेलो होतो, तटबंदीची सुंदर चर्च आहेत आणि आत प्रार्थनेला कुणी नाही. ६६ टक्के हा आकडा अख्ख्या देशाचा. गल्लीगणिक तो वेगळा असणार.

सह्याद्रीचा_कडा

धागा वाचून सारखं आठवतंय, आमच्या आजोबांना आणीबाणीबद्दल विचारलं की "गाड्या वेळेवर सुटायच्या" हे पहिलं वाक्य

संपादक मंडळ

इथून पुढचे भारतीय राजकारणावरचे एकोणीस प्रतिसाद उडवले आहेत. धागा रोमानियाबद्दल आहे. ज्यांना भांडायचं आहे त्यांनी वेगळा धागा काढावा, तोही आम्ही उडवू.

खवचट_काका

सेकुरिताते आली रे आली!

सह्याद्रीचा_कडा

माझं वाक्यसुद्धा पूर्ण होऊ दिलं नाही, इतके टपून बसले होते लोक.

कोर्टकचेरी

खटल्याबद्दल कुणीच नीट लिहिलं नाही म्हणून.

कायद्याच्या दृष्टीने तो खटला म्हणजे थट्टाच होती. सगळं तासाभरात उरकलं. वकील मिळाले, पण त्यांनीही आरोपींनाच दोष दिला. आरोपपत्रात ६० हजार बळींचा नरसंहार लिहिलेला. प्रत्यक्षात क्रांतीत मेलेल्यांचा आकडा अकराशेच्या आसपास. आणि त्यातली मेख अशी की २२ डिसेंबरला तो पक्षाच्या मध्यवर्ती कार्यालयाच्या गच्चीवरून हेलिकॉप्टरने पळाला, त्याच्या आधी मेलेले दीडशे-पावणेदोनशे. उरलेले, म्हणजे बहुसंख्य, तो सत्तेवर नसताना मेले. 'दहशतवादी आले' अशा बातम्या टीव्हीवरून सुटत होत्या आणि सैनिक एकमेकांवरच गोळ्या झाडत होते. हे कुणी घडवलं?

नंतर सत्तेवर आलेले इलियन इलियेस्कू हे एके काळी त्याच पक्षातले वरिष्ठ. त्यांच्यावर क्रांतीच्या प्रकरणात मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांचा आरोप ठेवला गेला तो कितीतरी वर्षांनी, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते वारले तेव्हाही निकाल लागलेला नव्हता.

म्हणजे लोकांसमोर चित्र काय? ज्याचा खटला झाला त्याचा घाईत झाला, बाकीच्यांचा झालाच नाही. जानेवारी १९९० च्या पहिल्या आठवड्यात मृत्युदंडच रद्द केला, त्यामुळे रोमानियात कायद्याने मारलेले शेवटचे दोघे हेच नवराबायको. नीट खटला चालला असता, अबोलीताईंनी लिहिलेला ७७० चा हुकूम, सेकुरितातेची दफ्तरं, ब्राशोव्हच्या कामगारांना १९८७ मध्ये बंड केल्यावर झालेली मारहाण, हे सगळं महिनोन्महिने टीव्हीवर आलं असतं, तर आजचे आकडे वेगळे असते असं माझं ठाम मत आहे. त्याऐवजी लोकांनी काय पाहिलं? एक म्हातारा, एक म्हातारी, हात बांधलेले, आणि धूर. मायेला तेवढं पुरतं.

ताळेबंद

+१. सगळ्यात दमदार प्रतिसाद.

अबोली७२

@कोर्टकचेरी, अंशतः सहमत. पण २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष बसेस्कू यांनी संसदेत उभं राहून ती राजवट बेकायदेशीर आणि गुन्हेगारी होती असं अधिकृतपणे जाहीर केलं होतं, मागे अभ्यास समितीचा जाडजूड अहवाल होता. त्या दिवशी सभागृहात शिट्ट्या आणि आरडाओरडा झाला. म्हणजे कागदपत्रं लोकांपुढे होती. ती कुणी वाचली नाहीत त्याला खटल्याची घाई काय करणार?

कोर्टकचेरी

अहवाल आणि खटला यात फरक आहे ताई. अहवालात साक्षीदार रडत नाही.

दर्यावर्दी

भारताशी नातं कुणी सांगितलं नाही. गुवाहाटीजवळची नूनमाटीची रिफायनरी रोमानियन मदतीने उभी राहिली, १ जानेवारी १९६२ ला नेहरूंच्या हस्ते सुरू झाली. अर्थात ते चाउशेस्कूच्या आधीचा नेता देज याचे दिवस. माझे काका तिथे नोकरीला होते. घरात रोमानियन बाहुली होती, लाल-काळ्या भरतकामाचा झगा घातलेली. काकांच्या लेखी रोमानिया म्हणजे मशिनरीवाले हुशार लोक, एवढंच. तिथली माणसं उपाशी आहेत हे त्यांना १९८९ नंतर पेपरातून कळलं आणि त्यांनी ते बरीच वर्षं मानलं नाही.

निंबोणी

त्या काळचे विनोद असतील ना? असल्या राजवटीत विनोद फार चांगले असतात.

मुक्काम_बुखारेस्ट

खूप आहेत. एक ऑफिसातल्या त्या पन्नाशीच्या बाईंनीच सांगितलेला, ताट उचलून गेल्या होत्या त्या. हिवाळ्यात बाई नवऱ्याला म्हणते, "अहो, खिडकी लावा, रस्त्यावरच्या लोकांना सर्दी होईल."

रांगडा_गडी

😂😂 हे इथंच थांबवा आता, याच्यावर जायचं नाही.

पेगस_आणि_मी

मी ब्राशोव्हला आयटीत. तरुणांबद्दल थोडं. मूळ पोस्टमधल्या मुलासारखे माझ्याही आसपास आहेत, आणि ते कुणी कम्युनिस्ट नाहीत. आयफोन वापरतात, सुट्टीला ग्रीसला जातात. त्यांच्यापर्यंत तो काळ पोचला तो वस्तूंमधून. रोम नावाचं चॉकलेट, पेगस सायकल (माझ्या आयडीचं रहस्य), जुन्या 'डाच्या १३००' मोटारींची रॅली. आणि टिकटॉकवर ट्रान्सफागाराशान घाटाचे ड्रोन व्हिडिओ: "हे चाउशेस्कूने चार वर्षांत बांधलं, तुम्ही पस्तीस वर्षांत एक धड महामार्ग बांधला नाही." डोंगर फोडताना सैनिक मेले ते व्हिडिओत येत नाही. पण महामार्गाचं दुखणं खरंच आहे, बुखारेस्टहून ब्राशोव्हला रविवारी संध्याकाळी गाडीने जाऊन बघा.

दुसरं, रिकामी गावं. १९९० मध्ये देशाची लोकसंख्या २ कोटी ३२ लाख होती, २०२१ च्या जनगणनेत १ कोटी ९० लाख. इतकी माणसं इटली, स्पेन, जर्मनीला गेली. कित्येक मुलं आजी-आजोबांकडे वाढली, आईबाप व्हिडिओ कॉलवर. या पोरांना तो काळ सांगितला कुणी? आजीने. आणि आजी तेव्हा पंचवीस वर्षांची होती, सगळी माणसं घरात होती.

ओल्टची_सून

@पेगस_आणि_मी, शेवटचा परिच्छेद वाचून नवऱ्याला मोठ्याने भाषांतर करून ऐकवला. म्हणाला, आजीने आम्हाला हेच सांगितलं.

ताळेबंद

फ्लॅटची एक बाजू राहिली. क्रांतीनंतर सरकारी फ्लॅट त्यात राहणाऱ्यांना अगदी स्वस्तात विकले गेले, आणि महागाई अशी भडकली (१९९३ मध्ये २५० टक्क्यांच्या वर) की हप्ते चिल्लर झाले. आज रोमानियात ९५ टक्क्यांच्या आसपास लोक स्वतःच्या घरात राहतात, युरोपीय संघात सर्वांत जास्त. म्हणजे घर बांधलं चाउशेस्कूने, मालकी दिली त्याच्यानंतरच्यांनी, आणि श्रेय सगळं त्याला. त्याच महागाईने लोकांची बँकेतली बचत खाल्ली, त्यात क्लूजची 'कारितास' योजना, तीन महिन्यांत आठपट देतो म्हणणारी, १९९४ ला बुडाली. नफा त्याच्या खात्यावर, तोटा नंतरच्यांच्या. असा ताळेबंद कुठल्याही पुढाऱ्याला आवडेल.

सह्याद्रीचा_कडा

मला एक कळत नाही. आज रोमानिया तेव्हापेक्षा किती तरी श्रीमंत आहे. २००७ पासून युरोपीय संघात आहे, पगार वाढले. तरी आकडा ४१ वरून ६६ वर गेला?

कोर्टकचेरी

दोन वेगळे प्रश्न आहेत ते. 'मत देऊ का' आणि 'चांगला होता का'. 'चांगला होता' म्हणायला काही खर्च येत नाही. त्याच २०२५ च्या पाहणीत बहुसंख्यांनी हेही मान्य केलंय की तेव्हा स्वातंत्र्य कमी होतं. म्हणजे विसरलेले नाहीत.

अबोली७२

मग ते जास्त भीतीदायक आहे. विसरलेल्याला आठवण करून देता येते.

मुक्काम_बुखारेस्ट

मूळ प्रश्नाकडे येतो. इतकं वाचल्यावर माझं 'नंतरच्यांवरचा राग' हे उत्तर मला तोकडं वाटतंय असं नाही, पण त्यात वयाचा मुद्दा मिसळायला हवा. लोक दोन वेगळ्या चाउशेस्कूंबद्दल बोलतात. एक, २१ ऑगस्ट १९६८ चा. रशियन रणगाडे प्रागमध्ये शिरले त्या दिवशी बुखारेस्टमधल्या पक्ष कार्यालयाच्या बाल्कनीतून त्याने मॉस्कोचा जाहीर निषेध केला. पूर्व गोटातला पुढारी, आणि मॉस्कोला जाहीर नाही म्हणतो! त्या चौकातली गर्दी भाड्याची नव्हती, पुष्कळांनी त्या दिवसांत आपणहून पक्षात नाव नोंदवलं. पुढच्या वर्षी निक्सन इथे येऊन गेले.

दुसरा, १९७१ मध्ये चीन आणि उत्तर कोरिया बघून आलेला. तिथली स्टेडियमभर माणसांची चित्रं बघून त्याचं डोकं फिरलं असं इथले लोक सरसकट म्हणतात. मग उरानुस मोहल्ला पाडून तो अजस्र राजवाडा, संध्याकाळी दोन तास टीव्ही आणि त्यातही तोच (बुखारेस्टचे लोक बल्गेरियन चॅनेल पकडत), शेवटी २१ डिसेंबर १९८९ ला त्याच इमारतीच्या बाल्कनीतून किमान पगार २००० वरून २२०० लेइ करतो म्हणाला. लोक ओरडत होते आणि हा दोनशे लेइ वाढवत होता.

आमच्या ऑफिसातल्या बाई १९६७ च्या, म्हणजे ७७० च्या हुकुमाच्या. त्यांच्या वडिलांना तो पहिला आठवतो, त्यांना दुसरा. घरात अजून भांडण होतं. पाहणीवाला दारात आला तर दोघं वेगवेगळ्या माणसाबद्दल उत्तर देतील आणि रकाना एकच.

अबोली७२

हे पटलं. पण आईला कुठला आठवतो ते विचारा एकदा.

मुक्काम_बुखारेस्ट

विचारलं होतं. "आई त्या विषयावर बोलत नाही" एवढंच म्हणाल्या.

खवचट_काका

पुढच्या पाहणीत मला विचारा. मी म्हणेन, फार चांगला होता, लवकर गेला असता तर अजून चांगला.

निंबोणी

सप्टेंबरात बुखारेस्टला चाललोय. तो राजवाडा आतून बघता येतो का? आणि त्यांचं राहतं घर?

मुक्काम_बुखारेस्ट

दोन्ही बघता येतं. राजवाड्यात आता संसद भरते, त्यामुळे गाइडबरोबरच सोडतात, मूळ पासपोर्ट न्या, फोटोकॉपी चालवून घेत नाहीत. आधी नोंदणी करा. राहतं घर, प्रिमावेरी, २०१६ पासून खुलं आहे. सोनेरी बाथरूम बघायला सगळे धावतात. दिवस हाताशी असेल तर तर्गोव्हिष्टेलाही जाऊन या, ती भिंत आणि खटल्याची खोली दोन्ही आहेत, गाडीने दीड-दोन तास. येण्याआधी व्यनि करा, जेवायला घरी या.

रांगडा_गडी

जेवायला काय? 'आदिदास'?